जेट बोटीत माझदाचं १३बी रोटरी टाकावं का? ज्यांनी चालवलंय त्यांनी खरं खरं सांगा

पाणकावळा_७
नमस्कार मंडळी. माझी सोळा फुटी फायबरची बोट आहे, आत चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि मागे जेट युनिट, म्हणजे पाणी ओढून मागे फेकणारा पंप. गेल्या मोसमाच्या शेवटी इंजिनाच्या ब्लॉकला चीर गेली, वेल्डिंगवाल्याने बघून हात वर केले, म्हणजे आता दुसरं इंजिन बघणं आलंच. गाड्यांची कामं करणारा माझा एक मित्र आहे, त्याच्या शेडमधे माझदाच्या १९८६ च्या आरएक्स-७ गाडीचं १३बी पडून आहे, म्हणजे पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरणारं रोटरी इंजिन, टर्बो नसलेलं, दोन रोटरचं, तो म्हणतो घेऊन जा आणि घाल. परवा बघायला गेलो तर इनटेक, आल्टर्नेटर सगळं उतरवलेलं नुसतं इंजिन आम्ही दोघांनी उचलून टेबलावर ठेवलं. माझं जुनं लोखंडी धूड काढताना चेनपुली लावावी लागली होती आणि तरी पाठीत उसण भरली होती, त्यामुळे तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय की एवढं हलकं इंजिन बोटीत असेल तर बोट किती पटकन वर येईल.

माझा वापर सांगतो. ऐंशी टक्के तलावात, पोरांना स्की आणि ट्यूब ओढायची, अर्धा दिवस पाण्यात. वीस टक्के नदीतून खाली मुखापर्यंत आणि तिथून थोडं समुद्रात, लांब नाही. रेस वगैरे करायची नाहीये. फायदे मला थोडेफार माहीत आहेत, तोटे ऐकायचेत, आणि असं ऐकायचंय की जे स्वतःच्या हाताने केलेलं असेल, कारण रोटरीबद्दल ज्याने कधी झाकण उघडलेलं नाही तोही मत देतो असा माझा अनुभव आहे.

तीनकोनी
दादा, मी चार मोसम चालवलंय, १३बीच, पंधरा फुटी अॅल्युमिनियमच्या जेट बोटीत, त्यामुळे अधिकाराने बोलतो. पहिली गोष्ट म्हणजे थरथर नाही. ही गोष्ट सांगून कळत नाही, बसूनच कळते. पिस्टन इंजिनात सगळा खटाटोप वर-खाली जाऊन थांबायचा आणि परत फिरायचा असतो, इथे रोटर एकाच दिशेने फिरतो आणि दोन रोटर एकमेकांच्या विरुद्ध बाजूला बसवलेले असल्यामुळे एकमेकांना तोलतात. माझ्या आधीच्या इंजिनाने सीटचे बोल्ट सैल व्हायचे, दर महिन्याला पाना फिरवायचो, रोटरी घातल्यावर चार वर्षांत एकदाही हात लावला नाही.

दुसरं म्हणजे व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, पुशरॉड नाहीत, म्हणजे फिरणारे मोठे भाग तीनच, दोन रोटर आणि एक एक्सेंट्रिक शाफ्ट, म्हणजे रोटर ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा. बोटीत याचा फायदा असा की लाटेवरून उडी मारली आणि जेटच्या तोंडात पाण्याऐवजी हवा शिरली की इंजिन एकदम मोकळं सुटतं, आरपीएम वर पळतो, पिस्टन इंजिनात त्या क्षणाला व्हॉल्व्ह तरंगतात आणि कधी पिस्टनला जाऊन भिडतात. रोटरीत भिडायला काही नाहीच. आणि लक्षात घे की शाफ्ट तीनदा फिरतो तेव्हा रोटर एकदा फिरतो, म्हणजे काटा ७५०० दाखवतो तेव्हा रोटर बिचारा २५०० नेच फिरतोय. लोक आवाज ऐकून घाबरतात, इंजिन मजेत असतं.

तिसरं वजन. माझी बोट आधी मागून बसायची, थ्रॉटल दाबला की नाक आभाळाकडे आणि समोरचं काही दिसायचं नाही, आता दोन लांबीत पाण्यावर चढते. न्यूझीलंडमधे जेट बोटींत रोटरी टाकणारे लोक कितीतरी वर्षांपासून आहेत, आणि जेट बोट ज्या देशात बिल हॅमिल्टनने पन्नासच्या दशकात जन्माला घातली तिथले लोक हे करत असतील तर त्यात काहीतरी तथ्य असणारच.

पेट्रोल पितं, हे मान्य. तेलही थोडं खातं, पण ते त्याने खाल्लंच पाहिजे, रोटरच्या कडांना बसवलेल्या सीलना वंगण तिथूनच मिळतं, तेल कमी होतंय म्हणून घाबरायचं नाही, दर वेळी निघताना डिपस्टिक बघायची आणि टॉप करायचं. मी तर म्हणतो डोळे मिटून घाल.

पाना_नंबर_१०
डोळे उघडे ठेवून घाला असं मी म्हणेन. तीनकोनी भाऊंचं सगळं खरं आहे पण ती बोट गोड्या पाण्यातली आहे हे त्यांनी सांगितलं नाही, आणि पाणकावळा साहेब तुमचे ते वीस टक्के समुद्राचे आहेत ना, सगळी गोम तिथेच आहे.

मी बोटींची इंजिनं खोलण्याचं काम करतो. रोटरी फार येत नाहीत, आजवर सहा खोलली असतील, त्यातली चार एकाच कारणाने मेलेली. शेवटचं सांगतो. मालकाने इंजिनात थेट समुद्राचं पाणी फिरवलं होतं, हीट एक्स्चेंजर (बाहेरच्या पाण्याने इंजिनाचं बंद कूलंट थंड करणारा भाग) न लावता, का तर पंप आहे, पाणी बाहेर भरपूर आहे, मग मधे खर्च कशाला. तक्रार काय तर सकाळी स्टार्ट होताना एका रोटरवर चालतं, पांढरा धूर येतो, पाचेक मिनिटांनी बरं होतं. मी प्लग काढले, मागच्या रोटरचा खालचा प्लग ओला, जिभेला लावला तर खारट. तिथेच कळलं. खोलल्यावर काय दिसलं ते ऐका. १३बी म्हणजे सँडविच आहे, बाजूच्या प्लेट बिडाच्या, मधली रोटर हाउसिंग अॅल्युमिनियमची, आणि हे सगळे थर लांब लांब बोल्टनी आवळलेले. प्रत्येक सांध्यात पाणी अडवायला रबराच्या गोल सील, त्या प्लेटमधल्या खाचेत बसतात. त्या खाचेची आतली कड, जी जेमतेम काही मिलिमीटरची भिंत असते, ती गंजाने खाऊन गेली होती. हाताचं बोट फिरवलं तर कड बिस्किटासारखी तुटून हातात आली. सील नवी असून काय उपयोग, टेकायला भिंतच नाही. दुसऱ्या बाजूला अॅल्युमिनियमवर पांढरी पूड आणि खड्डे. बीड आणि अॅल्युमिनियम शेजारी शेजारी आणि मधे खारं पाणी म्हणजे बॅटरीच झाली ती, एक धातू दुसऱ्याला खातोच.

म्हणून माझं पहिलं वाक्य: बंद सर्किट. इंजिनात कूलंट, समुद्राचं पाणी फक्त हीट एक्स्चेंजरमधे. त्याशिवाय रोटरी खाऱ्या पाण्यात एक मोसम काढेल, दुसरा काढणार नाही. गोड्या पाण्यातसुद्धा मी बंद सर्किटच सांगतो, कारण तलावाचं थंडगार पाणी सरळ आत गेलं की वेगळाच त्रास होतो. पिस्टन इंजिनात सिलिंडरच्या त्याच जागेत थंड मिश्रण येतं आणि तिथेच जळतं, त्यामुळे गरम-थंड वाटून जातं. रोटरीत हाउसिंगची एक बाजू कायम इनटेकची, थंड, आणि दुसरी बाजू कायम जळण्याची, तापलेली. आधीच ते घर एका अंगाने फुगलेलं असतं, त्यात तुम्ही थंड पाणी मारलं की वाकणारच. आणि एकदा का वाकलं की सील काय धरणार.

सुकाणू
पाना काकांच्या मुद्द्याला जोडून थोडं गणित घालते, कारण इथे सगळे इंजिनाबद्दल बोलतायत आणि जेट युनिटकडे कोणाचं लक्ष नाही.

गाडीत इंजिन किती वेळ पूर्ण ताकद लावतं? घाट चढताना, ओव्हरटेक करताना. बाकी वेळ ते वीस-तीस टक्क्यांवर आरामात असतं, उतारावर तर काहीच करत नाही. बोटीला उतार नसतो. पाण्यावर धावणारी बोट म्हणजे कायमचा चढ, थ्रॉटल सोडला की बोट बसते. म्हणजे जे इंजिन गाडीत लाख किलोमीटर टिकलं ते बोटीत तितके तास टिकेल असा हिशोब करताच येत नाही, रोटरी असो की पिस्टन.

आता जेटचा इंपेलर, म्हणजे आत फिरून पाणी ढकलणारं पातं. त्याला लागणारी ताकद आरपीएमच्या घनाने वाढते. आरपीएम दुप्पट केला की ताकद आठपट लागते. समजा तुमचं जुनं इंजिन ४६०० आरपीएमला १४० एचपी द्यायचं आणि इंपेलर त्याला जुळवलेला होता. १९८६ चं १३बी १४६ एचपी देतं, वाटतं की सारखंच आहे, पण ते देतं ६५०० ला. ४६०० ला त्याच्याकडे ११५ च्या आसपास असेल. मग होणार काय, इंपेलर त्याला ४६०० पर्यंतसुद्धा जाऊ देणार नाही, ४२०० च्या आसपास दोघांची बरोबरी होईल आणि तुम्हाला मिळतील जेमतेम १०५-११०. तुम्ही पूर्ण थ्रॉटल दाबून बसाल, इंजिन खाली मान घालून रडत ओढेल, आणि तुम्ही म्हणाल रोटरीत दम नाही. दम आहे हो, पण तो वरच्या मजल्यावर आहे आणि तुम्ही जिन्यातच अडवलाय.

दोन उपाय आहेत. एक म्हणजे इंपेलर बदलायचा, कमी पिचचा, म्हणजे पात्यांचा पीळ कमी असलेला घ्यायचा किंवा कापून घ्यायचा, म्हणजे इंजिन ६००० च्या वर जाईल, पण मग जेट युनिटच्या बेअरिंगला तो वेग झेपतो का आणि पाण्यात बुडबुडे होऊन इंपेलर खरवडला जाईल का हे युनिट बनवणाऱ्याच्या तक्त्यात बघायला हवं. दुसरा म्हणजे मधे रिडक्शन, म्हणजे वेग कमी करणारा गिअर, साधारण १.३५ चं, की इंजिन ६२०० ला आणि इंपेलर ४६०० ला. हा उपाय उत्तम आहे पण त्या गिअरचं वजन, त्याचं तेल, त्याची जागा, हे सगळं आलं की हलक्या इंजिनाचा फायदा निम्मा तिथेच जातो. तीनकोनी दादा, तुमच्या बोटीत काय केलं होतंत?

तीनकोनी
इंपेलर बदलला होता ताई, बारीक पिचचा, पहिल्या मोसमात दोनदा बदलला तेव्हा जुळला. हे मी वर लिहायला हवं होतं, चुकलंच. आणि हो, पाना भाऊ, माझी बोट गोड्या पाण्यातली आहे, बरोबर ओळखलंत. पण एक्स्चेंजर माझ्याकडेही आहे.

एका गोष्टीला मात्र विरोध करतो. कायम लोडवर रोटरी मरतं असं जे सगळीकडे बोललं जातं ते बरोबर नाही. घरी विमान बांधणारे लोक हेच १३बी विमानात घालून तासन् तास ७० टक्क्यांवर उडवतात, विमानालाही उतार नसतोच की. आणि माझदाची चार रोटरची ७८७बी १९९१ मधे ल मान्सची चोवीस तासांची रेस जिंकली, जपानी कंपनीचा तिथला पहिला विजय, ती गाडी काय चोवीस तास उतारावर होती का. इंजिन नीट थंड ठेवलं आणि पेट्रोलचं मिश्रण कोरडं पडू दिलं नाही तर रोटरी राबतं, भरपूर राबतं. मरतं ते उष्णतेने, मेहनतीने नाही.

सुकाणू
हे वाक्य मला मान्य आहे, उष्णतेने मरतं मेहनतीने नाही. पण बोटीत उष्णता बाहेर काढणं हीच तर अवघड गोष्ट आहे दादा. विमानासमोर भरपूर वेगाचा वारा असतो, गाडीसमोरही असतो. बोटीतलं इंजिन पेटीत बंद. आणि रोटरीत नुसतं पाणी थंड ठेवून भागत नाही, रोटर आतून तेलाने थंड होतात, साधारण एक तृतीयांश उष्णता तेलातून बाहेर पडते. गाडीत त्यासाठी समोर ऑइल कूलर असतो. इंजिन गाडीतून काढणारे लोक तो कूलर तिथेच सोडून येतात आणि बोटीत तेलाला काहीच देत नाहीत. पाण्याचा काटा छान मधे उभा असतो, मालक खूश, आणि आत तेल १३० डिग्री. पाणकावळा, तुम्ही बाकी काही विसरलात तरी चालेल पण पाण्याने थंड होणारा ऑइल कूलर, तोही मोठा, आणि तेलाच्या तापमानाचा वेगळा काटा, या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून लावा. काटा ११० च्या पुढे गेला तर थ्रॉटल कमी.

अजून एक, बोटीचं नाक वर जातं तेव्हा संपमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळच्या टाकीतलं तेल फ्लायव्हीलच्या बाजूला पळतं. पिकअप नळी संपमधे कुठपर्यंत पोचते ते बघून आत आडव्या पट्ट्या वेल्ड करून घ्या.

जुनी_यंत्रं
विषय निघालाच आहे तर थोडा इतिहास, कारण बोट आणि रोटरी यांचं नातं फार जुनं आहे आणि ते लोकांना माहीतच नाही.

फेलिक्स वांकेलचं हे रोटरी इंजिन जर्मनीच्या एनएसयू कंपनीत १९५७ साली पहिल्यांदा फिरलं. एनएसयूची रोटरी गाडी १९६४ ला आली हे सगळे सांगतात, पण त्याच सुमारास त्यांनी वॉटर-स्कीवाल्याला ओढणारी एक छोटीशी यांत्रिक बोट काढली होती, एका रोटरची. म्हणजे हे इंजिन पहिल्यापासून पाण्यात आहे. स्वतः वांकेलला तर बोटींचं वेडच होतं. लिंडाऊला बोडेन सरोवराच्या काठावर त्याची संशोधनाची जागा होती आणि तिथे तो वर्षानुवर्षं त्सिश नावाच्या वेगवान बोटींवर काम करत होता.

अमेरिकेत ओएमसी, म्हणजे जॉन्सन आणि एविनरूड ज्यांचे ते, यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रोटरी स्नोमोबिल विकली आणि चार रोटरचं रेसिंगचं आउटबोर्ड बनवून शर्यतीत उतरवलं. वेगात ते कमी नव्हतं. पण बाजारात विकायला रोटरी आउटबोर्ड आलंच नाही. कारण मला तरी सरळ दिसतं. आउटबोर्डच्या जगात स्पर्धा होती टू-स्ट्रोकशी, आणि टू-स्ट्रोक आधीच हलकं, आधीच बिनव्हॉल्व्हचं, आधीच बनवायला सोपं. गाडीच्या जड फोर-स्ट्रोकसमोर रोटरीचे जे गुण उठून दिसतात ते बोटीच्या टू-स्ट्रोकसमोर दिसेनासे होतात. उरते ती फक्त गुळगुळीत चाल. त्यात १९७३ च्या शेवटी तेलाचं संकट आलं आणि पेट्रोल पिणारं नवीन इंजिन कोणालाच नको झालं.

मला याचं वाईट वाटतं. त्या चार रोटरच्या आउटबोर्डवर अजून दहा वर्षं काम झालं असतं तर आज चित्र वेगळं असतं असं मला मनापासून वाटतं.

पाणकावळा_७
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. सुकाणू ताई, जेटचा तक्ता शोधला, माझ्या युनिटला ५२०० च्या वर नेऊ नका असं लिहिलंय, म्हणजे नुसता इंपेलर कापून भागणार नाही असं दिसतंय. बरोबर ना?

दोन प्रश्न अजून. एक, इंजिन चांगलं आहे की नाही हे न खोलता कसं कळेल? मित्राने साधा कॉम्प्रेशन गेज लावला, तो म्हणतो ठीक आहे. दोन, सायलेन्सरचं काय? जुन्या इंजिनात पाणी मारलेला एक्झॉस्ट होता, तोच मॅनिफोल्ड काही करून बसेल का?

पाना_नंबर_१०
साधा गेज रोटरीला चालत नाही साहेब, फसवतो. प्रत्येक रोटरला तीन बाजू आहेत, गेज त्यातल्या सगळ्यात चांगल्या बाजूचा आकडा धरून ठेवतो आणि बाकी दोन मेलेल्या असल्या तरी कळत नाही. गेजची मागची हवा सोडणारी पिन दाबून धरा आणि क्रँक मारा, काटा उड्या मारेल, तीन उड्या सारख्या पडल्या पाहिजेत. फक-फक-फक. फक-फक-फुस आलं की एक सील गेली. आकडे हवे असतील तर रोटरीचा टेस्टर मिळवा, २५० आरपीएमला प्रत्येक बाजू किमान ६ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) आणि एका रोटरच्या तीन बाजूंत दीड किलोपेक्षा जास्त फरक नको.

आणि एक काम घरच्या घरी. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढा, पोर्टमधून टॉर्च मारा, शाफ्ट हाताने हळू फिरवा. रोटरचं टोक समोर आलं की अॅपेक्स सील दिसेल, उभी पट्टी, तुमच्या इंजिनात २ मिलिमीटर जाडीची. लाकडी काडीने ती हळूच आत दाबा. स्प्रिंगने परत बाहेर आली पाहिजे. दबलीच नाही तर कार्बनने अडकलीय, दबून आत राहिली तर स्प्रिंग गेली. सहाच्या सहा तपासा. धातूची काडी वापरू नका. त्याच वेळी हाउसिंगच्या आतल्या क्रोमवर नजर टाका, आरशासारखं असेल तर देव पावला, आडव्या आडव्या रेघा, धुणं घासायच्या फळीसारख्या, दिसल्या तर ते हाउसिंग गेलं.

एक्झॉस्टचं मात्र मनावर घ्या. जुना मॅनिफोल्ड अजिबात नको. रोटरीचा धूर पिस्टनपेक्षा बराच जास्त तापलेला असतो, लोडवर पाइप लाल होतो, आणि बोटीच्या पेटीत लाल पाइप म्हणजे काय होईल ते मी सांगायला नको. पाण्याचं जॅकेट असलेला मॅनिफोल्ड बनवून घ्यावा लागेल, वेल्डिंग पक्कं, दाब देऊन तपासलेलं. जिथे पाणी धुरात मिसळतं ती जागा इंजिनापासून खाली आणि लांब ठेवा, मधे पाइपाला वर उचललेली कमान द्या. थ्रॉटल झटकन सोडला की पाणी मागे ओढलं जातं, ते एकदा का चेंबरमधे गेलं आणि रात्रभर राहिलं की सकाळी सील गंजून खाचेत चिकटलेली. मी बघितलंय ते.

आणि तुमच्या १९८६ च्या इंजिनात सहा पोर्ट आहेत, त्यातली शेवटची दोन एक्झॉस्टच्या दाबावर उघडतात. बोटीचा एक्झॉस्ट वेगळा, दाब वेगळा, ती उघडणारच नाहीत किंवा वेळी अवेळी उघडतील. त्यांना कायमचं उघडं करून टाका, बोटीत खालच्या आरपीएमची तशी गरजही नाही.

ओहोटी
मी वेगळंच बोलणार आहे, राग मानू नका. माझ्या भावाने हेच केलं होतं. त्याचे दोन उन्हाळे गेले. आधी एक्झॉस्ट, मग कूलर, मग रिडक्शन, मग वायरिंग, आणि बोट शेडमधे ट्रेलरवर. पोरं मोठी झाली तोपर्यंत. ज्याला इंजिन बनवण्यात आनंद आहे त्याने जरूर करावं, ज्याला पोरांना पाण्यात न्यायचंय त्याने बोटीसाठी बनवलेलं इंजिन शोधावं. पाणकावळा दादा, तुमच्या पहिल्या पोस्टमधे मला पोरं दिसली, इंजिन नंतर दिसलं.

आणि पेट्रोलच्या वाफेबद्दल अजून कोणीच बोललं नाही याचं आश्चर्य वाटलं. गाडीचा स्टार्टर आणि आल्टर्नेटर बोटीच्या पेटीत चालत नाहीत, त्यांच्या ब्रशच्या ठिणग्या उघड्यावर उडतात. बोटीत पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचते, गाडीसारखी उडून जात नाही. ठिणगी आत बंद ठेवणारे बोटीसाठीचेच पार्ट घ्या, इनटेकच्या तोंडावर फ्लेम अरेस्टर, म्हणजे ज्वाळा अडवणारी जाळी घाला, आणि स्टार्टच्या आधी चार मिनिटं पेटीतली हवा बाहेर काढणारा ब्लोअर. रोटरी फ्लड होण्यासाठी प्रसिद्ध आहे, थोडं चालवून लगेच बंद केलं की पुढच्या वेळी प्लग ओले, मग माणूस क्रँक मारत बसतो आणि पेट्रोल सांडत राहतं. ही दोन कारणं एकत्र आली की काय होऊ शकतं ते मी एकदा दुसऱ्याच्या बोटीवर लांबून पाहिलंय. कोणाला लागलं नाही, पण ती बोट राहिली नाही.

तीनकोनी
ओहोटी भाऊ, तुमचं बोलणं लागलं पण खरं आहे. मला फ्लडिंगचा त्रास दोनदाच झाला, दोन्ही वेळा बोट ट्रेलरवरून उतरवून फक्त जागा बदलण्यासाठी चालू केली होती. तेव्हापासून नियमच केलाय, चालू केलं की गरम होईपर्यंत बंद करायचं नाही. आणि पेट्रोल बंद करून क्रँक मारता येईल असा पंपाचा वेगळा स्विच.

एक चांगली बाजूही सांगायची राहिली होती, भर पाण्यातली. तिसऱ्या मोसमात माझी एक अॅपेक्स सील तुटली, किनाऱ्यापासून बराच लांब होतो. पिस्टन इंजिनात रॉड तुटला असता तर तिथेच संपलं असतं. माझं इंजिन एका रोटरवर धडधडत, बोट पाण्यावर चढत नव्हती पण चालत होती, पाऊण तासात आलो काठाला. प्रत्येक रोटरला दोन दोन प्लग आणि दोन वेगळे रोटर, एक गेला तरी दुसरा घरी आणतो. ती पाऊण तासाची सफर मी विसरणार नाही, बायको आणि मुलगी बोटीत होत्या.

सुकाणू
हा मुद्दा मोठा आहे आणि आकड्यांत कधीच येत नाही.

पाणकावळा, ५२०० ची मर्यादा असेल तर रिडक्शनशिवाय मार्ग नाही, बरोबर. सगळं ऐकून माझं मत असं बनलंय: फक्त तलाव, रिडक्शन, बंद सर्किट, मोठा ऑइल कूलर एवढं असेल तर घाला, तुम्हाला ती बोट फार आवडेल. समुद्र हवाच असेल तर नको. त्या वीस टक्क्यांसाठी तुम्ही शंभर टक्के काळजी विकत घेताय.

मला स्वतःला रोटरीचं बोटीतलं खरं स्थान वेगळंच वाटतं. माझदाने २०२३ मधे एमएक्स-३० गाडीत एक रोटरचं ८३० सीसी इंजिन पुन्हा आणलं, पण ते चाकांना जोडलेलंच नाही, फक्त जनरेटर फिरवतं. अॅपेक्स सील २.५ मिलिमीटरच्या, बाजूच्या प्लेट अॅल्युमिनियमच्या, इंधन थेट आत फवारलेलं. बोटीत मोटर विजेवर आणि कोपऱ्यात असा छोटा गुळगुळीत जनरेटर ठरावीक आरपीएमवर चालतोय, तर वर बोललेल्या निम्म्या अडचणी उरतच नाहीत. इंपेलरशी लग्न लावायला नको, लाटेवर आरपीएम सुटायला नको, थरथर नाही, जागा कमी. पेट्रोल मात्र तरीही जास्तच लागेल, लांबट पसरट चेंबरमधे ज्वाळा कोपऱ्यापर्यंत पोचत नाही आणि भिंती उष्णता खातात, ते त्या आकारातच आहे.

पाणकावळा_७
आज टेस्टर मिळाला, मित्राच्या ओळखीने. पुढचा रोटर ७.४, ७.२, ७.३. मागचा ६.९, ६.८ आणि ५.१. पाना काका, तुमचं फक-फक-फुस अगदी तसंच ऐकू आलं, मित्राचा चेहरा बघण्यासारखा झाला होता कारण तो ठीक आहे म्हणत होता. टॉर्च मारून काडीने दाबून बघितलं, मागच्या रोटरची एक पट्टी आत जाते आणि अर्धवटच बाहेर येते. क्रोमवर रेघा दिसल्या नाहीत, चकचकीत आहे.

ओहोटी भाऊ, तुमचं वाक्य घरी वाचून दाखवलं. बायको काही बोलली नाही, नुसती मान हलवली, त्यामुळे ठरवलंय की या मोसमापुरती मुलांसाठी सासऱ्यांची जुनी आउटबोर्डची होडी आणतोय, ती चालू स्थितीत आहे. बोट आरामात होऊ दे. समुद्राचे वीस टक्के सोडले, ते मनातून काढून टाकलं. इंजिन खोलूनच घ्यायचं आता.

पाना_नंबर_१०
चांगलं केलंत. फक्त सील अडकलीय असं समजून तेवढीच बदलू नका, खोलताय तर स्प्रिंगसकट सगळ्या नव्या, आणि पाण्याच्या सील तर शंभर टक्के नव्या. थर काढताना प्रत्येक प्लेटवर नंबर टाका. बोल्ट एकदम सैल करू नका, थोडे थोडे करून, फेऱ्या मारत. आणि ते तेल खाऊ घालणारं मीटरिंग पंपाचं काम नीट चालत नसेल तर बोटीत मी तो काढूनच टाकतो आणि पेट्रोलमधे टू-स्ट्रोकचं तेल मिसळायला सांगतो, शंभराला एक, विसरायची सवय नसेल तरच.

पाणकावळा_७
नंबर टाकतो. शनिवारी मागची प्लेट काढतोय, मित्र आणि मी. खाचेच्या कडा कशा निघतात ते बघून इथेच लिहितो.